धानोऱ्यातल्या समुद्राचा उजेड

एस.टी.च्या वाहकाने माझ्या मांडीवरच्या प्लास्टिकच्या कॅनवर बोटाने टकटक केले.

"बाई, रॉकेल नेऊन राह्यल्या काय? गाडीत चालत नाई."

"रॉकेल नाही भाऊ. समुद्र आहे."

त्याने झाकण उघडून वास घेतला, नाक आक्रसले आणि मागच्या प्रवाशांना सांगितले, "खरंच बोलून राह्यल्या बाई." मग तिकिटांची पेटी काखेत मारत तो म्हणाला, "समुद्राले तिकीट नाई लागत. पन सांडू नोका."

१९८०च्या दशकातली ही गोष्ट. मी धानोऱ्याच्या शाळेत विज्ञान शिकवीत असे. त्या वर्षी दिवाळीच्या सुटीत शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी रत्नागिरीला जाण्याचा योग आला, आणि परतताना कॅनभर समुद्राचे पाणी, खडकावरून सोडवलेले हिरवेगार शेवाळ आणि शंखात राहणारे तीन चिमुकले खेकडे मी सोबत घेतले. हे शेवाळ तळ्यातल्या बुळबुळीत थरासारखे नसते. त्याला कोथिंबिरीच्या जुडीसारखा आकार असतो, आणि पान इतके पातळ, की बोटावर धरले तर खालची रेषा दिसावी.

हा संसार वर्गात दाखवण्यासाठी होताच. पण त्याला आणखी एक कारण जडले, ते वाटेत चंद्रपूरला. तिथे माझ्या धाकट्या भावाकडे बाबा राहत होते. आलापल्लीच्या सागवनात वनरक्षक म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली होती. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता आणि शस्त्रक्रियेचे नाव काढले की ते अंगणात निघून जात. भाऊ समजावून थकला होता. मी कॅन उघडला, त्यांचा हात धरून पाण्यात बुडवला. त्यांनी बोट चाटून पाहिले.

"खारट हाय व! हा खरा समुद्र?"

"खरा. पण तुम्हांला दिसणार नाही. डोळे करून घ्या, मग धानोऱ्याला या. तोवर मी तो जिवंत ठेवते."

बाबांनी समुद्र कधी पाहिला नव्हता. ते बराच वेळ शंख चाचपत बसले आणि म्हणाले, "ठेवशीन नं पन? मेलेला समुद्र पाहाले मी डोया कापून घेनार नाई." भावाने माझ्याकडे पाहिले. मी शब्द देऊन बसले.

घरी आल्यावर पहिली अडचण खेकड्यांनी उभी केली. ते शेवाळ कुरतडू लागले. म्हणून दोन भांडी केली. किराणा दुकानातली गोळ्या ठेवण्याची रुंद तोंडाची काचेची बरणी शेवाळाला दिली, आणि चिनी मातीचे घमेले खेकड्यांना. रोज सकाळी वाटीवाटीने या भांड्यातले पाणी त्या भांड्यात आणि त्यातले यात करायचे. खेकड्यांनी घाण केलेले पाणी शेवाळाचे खत होते, आणि शेवाळाने स्वच्छ केलेले पाणी खेकड्यांना मिळते. शेवाळ जगले तर खेकडे जगतील. अर्थात सगळा समुद्र त्या बरणीवर उभा होता, आणि बरणी उजेडावर.

उजेडाचा पहिला उमेदवार सूर्य. पण माझ्या एकुलत्या पूर्वेच्या खिडकीसमोर साग उभा होता. त्याची पाने पत्रावळीएवढी. पानगळीला अजून अवकाश. फांदी छाटावी असे एकदा मनात आले. पण साग म्हणजे परवानगी आली, आणि विनापरवाना फांदी तोडणारी वनरक्षकाची मुलगी बाबांना सहन झाली नसती. बरणी अंगणात ठेवून पाहिली. दुपारच्या उन्हात एवढेसे पाणी पाहता पाहता कोमट झाले आणि काचेवर बारीक हिरवी साय धरली. समुद्राला ऊन मानवते, कारण तो खोल आहे. बरणीला खोली नाही, हे मी लक्षात घ्यायला हवे होते.

दुसरा उमेदवार साधा दिवा. शेजारचे चाचा रेडिओ दुरुस्त करीत आणि गावातले वायरिंगही पाहत. त्यांनी बरणीवर शंभर वॅटचा दिवा टांगला आणि लांबून पाहून म्हणाले, "बाई, आता तुमचा समुद्र दुल्हनसारखा दिसून राह्यला."

दिसत होता खरा. पण दिव्याचा उजेड पिवळा, आणि त्याहून जास्त त्याची ऊब. अंडी उबवायला तो योग्य; शेवाळाला नव्हे. काही दिवसांत पानांच्या कडा पांढुरक्या पडल्या. पाण्याची पातळी भराभर उतरू लागली. मी रोज बरणीवर केलेल्या खुणेपर्यंत विहिरीचे पाणी घाली; ते पाहून चाचा दचकले. "खाऱ्या पाण्यात गोडं पाणी? समुद्र बिघडन नं!"

"चाचा, वाफ होऊन पाणी जाते, मीठ जात नाही. मीठ सगळे इथेच आहे. गेले तेवढेच परत द्यायचे."

"म्हंजे तुमी पाऊस पाडून राह्यल्या," ते म्हणाले. इतके चांगले उत्तर मला वर्गातही क्वचित मिळाले होते.

तिसरी निवड ट्यूबलाइटची. तिचा उजेड पांढरा, दिवसाच्या जवळचा. आणि नळी हाताला जेमतेम कोमट लागते, त्यामुळे ती बरणीच्या अगदी तोंडाशी आणता येते. चाचांनी दोन फुटी पट्टी आडवी बसवली. बटण दाबले. ट्यूब डोळे मिचकावीत राहिली, पेटेना.

कारण समोरच होते. आमच्या घरासमोर धानाची गिरणी. दिवाळीनंतर धान निघाले की ती सकाळपासून संध्याकाळपर्यंत चाले, आणि चालू झाली की सगळ्या आळीतल्या विजेचा दाब उतरे. मी गिरणीवाल्या भाऊंकडे गेले. ते तुसाने नखशिखांत पांढरे झाले होते.

"तुमच्या खेकड्यापायी मी गिरनी बंद ठेवू काय? लोकं मलेच दळून काढतीन!"

"बंद नका ठेवू भाऊ. ट्यूब पेटायलाच दाब जास्त लागतो. एकदा पेटली की कमी दाबावरही चालत राहते. गिरणीच्या चाकावर तुमचा पट्टा चढण्याआधी मला क्षणभर द्या."

भाऊंनी विचार केला. "असं म्हना नं मंग. तुमी आधी पेटवा, मंग मी पट्टा चढवतो. आवाज देत जाईन."

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी रस्त्यापलीकडून हाक येऊ लागली, "बाई, सूर्य लावला काय?" मी बटण दाबी, ट्यूब दोनदा मिचकावून स्थिर होई आणि मी ओरडे, "लावला!" मग पट्टा चढे. धान घेऊन आलेले लोकही पोत्यांवर बसून माझ्या सूर्याची वाट पाहत. कुरखेड्याकडच्या एका पाहुण्याने विचारले, "काऊन थांबलो गा?" तर भाऊंनी गंभीरपणे सांगितले, "समुद्र जागा व्हाचा हाय."

शेवाळ सावरले. पांढऱ्या कडा मी कात्रीने कापून टाकल्या. त्यामागून नवी पाने आली, आधी पोपटी, मग गर्द. दिवेलागणीला गिरणी थांबली की मी ट्यूब विझवी, कारण वनस्पतीलाही रात्र लागते. मधे चंद्रपूरहून निरोप आला: बाबांना खोकला आहे, शस्त्रक्रिया पुढे गेली. मी पाणी बदलत राहिले. मग दुसरा निरोप आला: एक डोळा झाला. त्या दिवशी भाऊंनी पट्टा चढवायला मुद्दाम उशीर केला आणि पोत्यांवरच्या मंडळींना ही बातमी सांगितली.

बाबा आले ते सकाळच्या पहिल्या गाडीने, जाड भिंगाचा चष्मा लावून, भावाच्या खांद्यावर हात ठेवून. चहासुद्धा त्यांनी नंतर घेऊ म्हटले. बरणीसमोर स्टुलावर बसले. समोरून हाक आली, मी बटण दाबले. ट्यूब मिचकावली, स्थिर झाली, आणि पांढऱ्या उजेडात हिरवी जुडी उलगडल्यासारखी दिसली. थोड्या वेळाने पानांवर मोहरीएवढे बुडबुडे धरू लागले. एकेक सुटून वर जाऊ लागला. घमेल्यातला एक खेकडा शंख ओढत निघाला होता. पण बाबांचे तिकडे लक्षच नव्हते.

"हे तं जंगल हाय व माय!" ते म्हणाले. "मले वाटे, समुद्र म्हंजे नुस्तं पानी. समुद्रात जंगल हाय, हे कोनी सांगतलंच नाई मले."

ते वाकले. चष्मा काचेला टेकला. आवाज खाली आणून, नोकरीतल्या सवयीने त्यांनी विचारले, "मंग तिथी राखन कोन करते? गार्ड हाय काय?"

"समुद्रातले मला माहीत नाही," मी म्हणाले. "या बरणीवरची गार्डाची जागा मात्र रिकामी आहे."

धाकटा भाऊ हसला. बाबा हसले नाहीत. त्यांनी चष्मा पुसला, उठून भिंतीवरचे बटण हाताने चाचपून त्याची जागा नीट लक्षात ठेवली, आणि मग चहा मागितला.

दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरात असताना रस्त्यापलीकडून नेहमीची हाक आली, "बाई, सूर्य लावला काय?"

मी हात पुसत बाहेर येईतो खोली उजळली होती, आणि सागवनात एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीवर जाणारा तो जुना आवाज गिरणीपर्यंत पोचला होता, "लावला! चढवा पट्टा!"