आम्ही, आपण, ते

माझे वडील भारताकडून कधीही खेळले नाहीत.

आज पहाटे ते गेले. दहा वाजता गावाच्या चौकात फ्लेक्स लागला. फोटो, हार, आणि नावाआधी मोठ्या अक्षरात 'ऑलिम्पिकपटू'.

पोरांनी प्रेमाने लावला. मी काढायला सांगितलं.

"राहू द्या ना बाई. कोन तपासून राह्यलं?"

कुणीच नाही. म्हणून लिहिते.

सिंदेवाहीजवळचं आमचं गाव. घर तलावावर मासे धरणारं. बाबांची पावलं रुंद होती, बोटं हाताच्या बोटांसारखी पसरलेली. तलावाच्या गाळात उभं राहायला तशीच लागतात.

पन्नासच्या दशकात ते चांद्याला कोळशाच्या खाणीत मजुरीला गेले. चंद्रपूर त्यांनी शेवटपर्यंत म्हटलं नाही. खाणीची फुटबॉल टीम होती. बाबा अनवाणी खेळायचे. बॉल पायाला चिकटायचा म्हणतात. मी पाहिलेलं नाही.

तेव्हा देशाची टीमही बरीचशी अनवाणीच खेळायची. एक्कावन्नला दिल्लीच्या एशियाडमध्ये सोनं मिळालं. पुढच्या वर्षी हेलसिंकीचं ऑलिम्पिक. थंडी, ओलं मैदान, समोर युगोस्लाव्हिया. दहा गोल खाल्ले, एक केला.

त्यानंतर ठरलं, बुटांशिवाय खेळायचं नाही.

बाबा त्या मॅचला नव्हते. हरले मात्र तेही.

कारण निवडीच्या शिबिराला त्यांचं बोलावणं आलं ते ह्या नियमानंतर.

खाणीतल्या साहेबाने बूट दिले. लांबीला बसले, रुंदीला नाही. बाबा चांद्याच्या मोच्याकडे गेले. त्याने पाय हातात घेतला, उलटासुलटा पाहिला.

"भाऊ, तुया पायाले बूट नाई पुरत. डोंगा पायजे."

डोंगा म्हणजे आमची तलावातली होडी. हा किस्सा बाबा स्वतःच हसून सांगायचे. पुढचं सांगायचे नाहीत.

पुढचं आईकडून कळलं. शिबिरात ते बूट घालून पळाले. मोजे रक्ताने भिजले. त्याचं त्यांना काही नव्हतं. "पायाले बॉल कळेच ना," एवढंच ते तिला म्हणाले होते. एका सकाळी त्यांनी बूट काढून ठेवले आणि अनवाणी मैदानात उतरले. मॅनेजर म्हणाला, "जूते पहनो, नहीं तो घर जाओ."

बाबा घरी आले. बूट साहेबाला परत केले.

छप्पन्नला मेलबर्न. टीम चौथी आली. बाबांनी खाणीतल्या रेडिओवर ऐकलं आणि सुट्टीला घरी आल्यावर ओट्यावर बसून सांगितलं, "आमी चवथे आलो."

आईचं नुकतंच लग्न झालेलं. "आमी म्हंजे कोन? तुमी तं इथीच होते ना?"

"आमी म्हंजे आमी."



गावाने त्या एका शब्दावरून ठरवून टाकलं. खाण सोडून ते परत तलावावर आले तेव्हा त्यांचं नाव ऑलिम्पिक झालेलं होतं. "ऑलिम्पिक, वाघूर हाय का आज?" असं बाजारात विचारायचे. बाबा मासा काढून द्यायचे. हो म्हणाले नाहीत. नाही म्हणाले नाहीत.

साठला रोम. त्यानंतर आपली फुटबॉल टीम ऑलिम्पिकला गेलीच नाही. दर चार वर्षांनी कुणीतरी टोमणा मारायचं.

"काऊन ऑलिम्पिक, तुमची टीम कुठी अडकली?"

"बूट शोधून राह्यले असन," बाबा म्हणायचे.

मी नागपूरला मराठी शिकायला गेले. वर्गात सरांनी सांगितलं, 'आपण' ऐकणाऱ्याला सामावून घेतं, 'आम्ही' त्याला वगळतं. मला ओटा आठवला. मेलबर्नची गोष्ट बाबा दर वेळी 'आमी' म्हणूनच सांगायचे. आम्ही सगळे समोर बसलेले, आणि बाबा आम्हाला वगळून कुठल्यातरी टीममध्ये.

सुट्टीत विचारलं, "बाबा, तुम्ही 'आपन' का नाही म्हणत?"

ते जाळं विणत होते. मान वर केली नाही.

"आपन पाह्यनाऱ्यानं म्हनाव. मी तिथी पायातून रक्त काढून आलो."

ते खोटं बोलले नाहीत. त्यांच्याकडे एक शब्द होता. तो त्यांनी साठ-पासष्ट वर्षं धरून ठेवला.

गेल्या पावसाळ्यात टीव्हीवर आपली फुटबॉलची मॅच चालली होती. माझा मुलगा त्यांच्याशेजारी बसला होता. मॅच संपली. तो म्हणाला, "आजोबा, आपण हरलो."



"ते हारले," बाबा म्हणाले.

मुलाला काही वाटलं नाही. मी स्वयंपाकघरात होते. हातातलं भांडं खाली ठेवलं.

त्यानंतर त्यांनी मॅच पाहिली नाही. तलावाकडेही गेले नाहीत.

फ्लेक्स काढायला पोरं तयार होईनात. शेवटी त्या एका शब्दावर पांढरा कागद चिकटवला. आता नुसतं नाव आहे.

बाबा, शेवटचा नमस्कार.

दुपारी त्यांना नेलं. अनवाणी.

कुणी हरकत घेतली नाही.