पाहुण्यांना दिलेला खालचा मजला

पतसंस्थेत कर्जाच्या अर्जांची छाननी करण्यात माझी उभी नोकरी सरली. समोरचा माणूस खुर्चीवर कसा टेकतो यावरून तो हप्ते भरील की बुडवील, हे मी सांगायचो आणि ते खरं निघायचं. खोटं निघालेलं मी कुणाला सांगायचो नाही. त्यामुळे निवृत्तीनंतर कोपरगावात घर बांधलं, वर आम्ही राहायला गेलो आणि खालचा मजला भाड्याने द्यायचं ठरलं, तेव्हा भाडेकरू पारखायचं काम मी दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही.

पेपरात जाहिरात दिली, आणि आलेल्यांपैकी पहिले दोघे मी परत पाठवले. एकाने पाणी कधी येतं ते विचारलं, म्हणजे पुढे कटकट करणार. दुसऱ्याची बायकोच सगळं बोलली, म्हणजे घरात त्याचं चालत नसणार. आज ते दोघेही याच गावात राहतात आणि त्यांचे घरमालक रात्री शांत झोपतात.

तिसरा जामखेडकडचा. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात कामाला लागलेला, आधी सोनईला राहायचा. चप्पल दाराबाहेर जोडून काढली, खुर्चीत अर्धाच टेकला. मला आवडला. मग मी आपल्याकडची खरी तपासणी सुरू केली: गाव कुठलं, पाहुणे कोण.

"जामखेडकडं माझ्या मेव्हणीची नणंद दिलीय," मी म्हणालो.

"व्हय का? त्यांच्या शेजारचंच गाव आमचं."

"मग तिच्या दिरांना ओळखत असाल."

"बघून हाय की."

"म्हणजे तुमची भावकीच!"

"आसंल बी."

"सख्खी की चुलत?"

त्याने जरा विचार केला. "चुलतच म्हना."

मी आत हाक मारली, "अगं, पाहुणे निघाले! नुसता चहा नको, पोहे टाक."

पोहे खाऊन तो गेल्यावर बायको म्हणाली, "अहो, निदान अकरा महिन्यांचा करार तरी करा."

"पाहुण्याशी करार? उद्या मेव्हणीच्या घरी तोंड कसं दाखवू?"

"त्या नणंदेला तुम्ही शेवटचं पाहिलं कधी?"

"नातं बघण्यावर असतं का?" मी म्हणालो. आता वाटतं, त्या माणसाने स्वतःहून एक अक्षर सांगितलं नव्हतं. नातं मीच काढलं, मीच जुळवलं, आणि त्याने ते नाकारलं नाही एवढाच त्याचा दोष.

अर्थात मी नुसत्या नात्यावर थांबलो नाही. सोनईच्या त्याच्या आधीच्या घरमालकाला फोन केला. त्या गृहस्थाने इतकी स्तुती केली की मला माझ्या जावयाची कीव आली. "असा मानूस मिळायला भाग्य लागतं," म्हणाला. एवढंच नाही, सामान हलवायला टेम्पो त्यानेच स्वतःच्या खर्चाने पाठवला, मागोमाग मोटारसायकलवर स्वतः आला, कपाट उतरवायला खांदा दिला आणि आमच्या हातावर पेढ्यांचा पुडा ठेवला. मी बायकोला म्हणालो, "बघ, मालकाचं भाडेकरूवर किती प्रेम!" ती पुडा हातात धरून रिकाम्या टेम्पोकडे बघत राहिली. तिला तेव्हाच कळलं असावं.

भाडं वेळेवर यायचं. भांडण नाही, आवाज नाही. नवरा-बायको नि एक मूल होतं, दिवाळीनंतर त्याचा धाकटा भाऊ आणि भावजयही आले, पण तेही गरीब स्वभावाचे. सगळे मला दाजी म्हणायचे. मी खूश.

मग गावाकडे वडिलांना अर्धांगवायू झाला. डावी बाजू गेली. नगरच्या दवाखान्यातून त्यांना आणलं तेव्हा आम्ही तिघांनी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून जिन्याने वर चढवलं. तो जिना मीच आखलेला. गवंडी रुंद ठेवा म्हणत होता, मी म्हणालो, जागा वाया जाते. खुर्ची वळणावर अडकली, वडील तिरपे झाले, आणि जन्मात कुणाला घाबरले नाहीत ते आबा उजव्या हाताने माझी कॉलर घट्ट धरून बसले.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं: रोज सपाट जागेवर चालवा. पहिल्या काही महिन्यांत पाय जेवढा परत येईल तेवढाच, नंतर येणार नाही. वर चिंचोळी गॅलरी आणि प्रत्येक खोलीला उंबरा. सपाट अंगण खाली. कमोडसुद्धा खाली, कारण हल्ली भाडेकरूंना तो लागतो म्हणून मी मोठ्या हौसेने बसवला होता. वरच्या संडासात आबांना दोन्हीकडून धरून उकिडवं बसवताना आम्हा नवरा-बायकोची रोज रडकुंडी यायची. ते आमच्याकडे बघायचे नाहीत. एक दिवस त्यांनी सकाळचा चहा नको म्हटलं, दुसऱ्या दिवसापासून पाणीही कमी केलं. कशासाठी ते मला कळलं, आणि मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

खाली गेलो. हात जोडले. "जागा सोडा. आबांचा पाय जाईल."

तो गडबडून उठला. मला बसायला खुर्ची दिली. "दाजी, आबा ते आमचेबी आबाच. सोडतो की. दुसरी मिळाली की लगेच."

दुसरी मिळेना. मी स्वतः चार जागा शोधून आणल्या. एक लांब होती, एकीत ओल होती, एक दक्षिणमुखी, आणि चौथीचा मालक म्हणे लई चौकशा करतो. इकडे आबांचा पाय उचलताना लाकडासारखा लागायला लागला. मी जरा आवाज चढवला, तर संध्याकाळी मेव्हणीच्या नणंदेचा फोन.

"दाजी, ऐकलं ते खरं हाय का? आपल्या मान्साला घराभाईर काढताय?"

"ताई, तो तुमचा नेमका कोण लागतो?"

"आता तुमीच तर वहिनीला सांगितलं हुतं, चुलत भावकी म्हनून!"

वकिलाकडे गेलो. त्यांनी करार मागितला. मी म्हणालो, करार नाही, नातं आहे. त्यांनी मला पाणी दिलं.

शेवटी सोनईला फोन लावला. "खरं सांगा, तुमच्याकडून हा निघाला कसा?"

"तुमच्या जाहिरातीमुळं. मीच दाखवली त्याला."

"आणि त्याच्याआधी?"

"त्याच्याआधी जागा रिकामी हुईना म्हनून माझ्या पोराचं लगीन मी मेव्हण्याच्या दारात लावलं. तुमचे लई उपकार हायेत बघा."

मी फोन ठेवला. आतल्या खोलीत बायको आबांचा पाय चोळत होती आणि आबा भिंतीकडे तोंड करून होते. मी पुन्हा खाली उतरलो. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. त्याच्या दारात उभा राहिलो आणि मला रडू फुटलं, इतकंच.

तोही हबकला. भावाशी काहीतरी कुजबुजला. मग म्हणाला, "दाजी, आसं करू. तुमी खाली या, आमी वर जातो."

हे मला इतक्या दिवसांत सुचलं नव्हतं, कारण मालक मी होतो. वर तीन खोल्या, गॅलरी, गच्ची, बायकोने हौसेने बसवलेल्या फरशा. खाली दीड खोली. भाडं तेच, असं तो म्हणाला. मी होकार दिला. भाड्याबद्दल विचारायचंही माझ्या मनात आलं नाही.

बायको एवढंच म्हणाली, "आबांना कधी उतरवायचं?"

दुसऱ्याच दिवशी सकाळी. खुर्चीचा जड भाग त्याने घेतला, मी पाय धरून उलटा उतरत होतो. वळणावर त्याने खुर्ची उचलून स्वतःच्या छातीवर टेकवली आणि आबांना जराही तिरपं होऊ दिलं नाही. आबा त्याला म्हणाले, "शाब्बास पोरा." मला म्हणाले, "तू नीट धर."

अंगणात आबांनी उजवा पाय टेकला. मग बायकोने डावा उचलून ठेवला. ते वाकून त्याच्याकडे बघत राहिले. बोटं हलतात का बघत होते. आम्ही सगळेच बघत होतो. एक हलल्यासारखं वाटलं. आबा म्हणाले, "उचला मला," आणि दोन पावलं टाकली, एक स्वतःचं, एक आम्ही ढकललेलं.

अंथरुणं वरच राहिली होती. ती आणायला गेलो तोवर त्यांच्या बायकांनी वर चूल मांडली होती. मी दारावर टकटक केलं आणि आतून "या की, दाजी" ऐकू येईपर्यंत उंबऱ्याबाहेर उभा राहिलो.