चौथ्या ट्रकसाठी लॅपटॉप

पहिला लॅपटॉप मी साडीसारखा घेतला, हे आधी सांगून टाकते. तेव्हा मी अगदीच पोरसवदा होते, जेमतेम सहासष्टची, आणि अक्कलही त्या वयाला शोभेल एवढीच होती. दुकानात गेले, झाकणावरून हात फिरवून पोत पाहिला, तळहातावर तोलून वजन पाहिलं आणि दुकानदाराला म्हटलं, "जरा दाराशी उजेडात दाखवा." उजेडात तो गुलाबीसर चंदेरी दिसला. झालं, पसंत! तो बिचारा शेजारचा काळा, जाडजूड लॅपटॉप पुढे करून "बा, हा जास्त चांगला चालेल" असं सांगत होता; इथले गुजराती दुकानदार माझ्या वयाच्या बायकांना बाच म्हणतात. मी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आत काय आहे ते विचारलंही नाही. साडीच्या आत काय असतं? आपणच असतो. तसंच काहीसं वाटलं असावं मला.

रोजच्या कामाला तो गुलाबी राजकुमार बरा होता. आमच्या मंडळाच्या स्मरणिकेचं टायपिंग, लाइटबिल, घरबसल्या कीर्तन ऐकणं, हे सगळं तो करायचा. रुसायचा तो फक्त रविवारी चार वाजता.

रविवारी चार वाजता मी ट्रक चालवते. माझी नात हैदराबादला असते, नववीत आहे. ती, तिच्या वर्गातले दोघं आणि मी, असे चौघं मिळून लॅपटॉपवर एक खेळ खेळतो. चार ट्रक भरायचे आणि एकामागून एक घाटातून पलीकडे न्यायचे. एक जरी दरीत गेला, तरी चौघांनी पुन्हा पायथ्यापासून निघायचं. माझा ट्रक चौथा. घाटात एक झुलता पूल आहे, तिथे आलं की माझं चित्र जागच्या जागी थिजायचं. हलेपर्यंत मी दरीत आणि माझ्यामागे तिघांची मेहनतही दरीत.

आता म्हणाल, म्हातारीला हे उद्योग कशाला? तर त्याआधी आमचं फोनवर बोलणं असं असायचं: "जेवलीस का गं?" "हो." "काय जेवलीस?" "भाजी-पोळी." "अभ्यास?" "झाला." संपलं. पण स्टिअरिंग हातात आलं की पोरगी बोलायला लागते. एका वळणावर गणिताच्या बाईंची नक्कल करते, दुसऱ्या वळणावर कोणती मैत्रीण अबोला धरून बसली आहे ते सांगते. डोळे रस्त्यावर असले की तोंड मोकळं होतं, हे मला त्या घाटात कळलं.

आणि एका रविवारी ती म्हणाली, "आजी, पुढच्या वेळी तू नुसती बघ ना. रागावू नकोस हं. पण ते दोघं म्हणतात, तुझ्यामुळे सारखं पहिल्यापासून करावं लागतं."

रागावले नाही. "बरं" म्हटलं आणि लॅपटॉप मिटला. पण नुसतं बघत बसलेल्या माणसाला कोण काय सांगणार? दोन रविवार बघेन, तिसऱ्या रविवारी त्यांना चौथा कुणीतरी मिळेल, आणि मी परत भाजी-पोळीवर. ते मला मुळीच चालणार नव्हतं. पुढच्या रविवारच्या आत न अडकणारा लॅपटॉप शोधायचा, असं ठरवून टाकलं.

आमचे हे रिफायनरीतून निवृत्त झालेले. चहा पिता पिता म्हणाले, "गेम खेळायला नवीन लॅपटॉप? या वयात? लोक काय म्हणतील?"

"लोकांना काय करायचंय? चारही ट्रक भरलेत, त्यांना जागा नाही," मी म्हटलं.

मग अभ्यासाला बसले. लॅपटॉपची परीक्षा घेणाऱ्या मुलांचे व्हिडिओ पाहिले. ती मुलं इतकं भराभर बोलतात की मी त्यांना अर्ध्या वेगावर टाकलं. मग ती प्यायल्यासारखी बोलतात, पण कळतात. त्यातून समजलं ते असं की खेळाच्या चित्रांसाठी ग्राफिक्सची वेगळी चिप असते, ती माझ्या राजकुमारात नव्हतीच. रॅम आठ जीबी होती, आणि ती बोर्डालाच जोडलेली, म्हणजे वाढवायची सोय नाही. नुसता नट्टापट्टा! फार महागडा मला नको होता, मधल्या पट्टीतलाच हवा होता. पण या वेळी आत काय आहे ते बघणार होते.

कारेलीबागेतल्या एका दुकानात तसा एक सापडला. काळा, जाड. वेगळी चिप, सोळा जीबी रॅम, शिवाय आणखी वाढवता येईल. दुकानदाराला म्हटलं, "जांगड द्या. रविवारी घरी खेळून बघते, सोमवारी सांगते."

आता जांगड म्हणजे काय ते नव्या लोकांना सांगायला हवं. घडियाळी पोळ या जुन्या गल्लीतला आमचा साडीवाला पूर्वी चार-पाच साड्यांचं बोचकं घरी न्यायला द्यायचा. सासूबाईंना दाखवायच्या, एक ठेवायची, बाकीच्या परत करायच्या. ते जांगड. मी तर एकदा जांगड आणलेली साडी शेजारच्या हळदीकुंकवाला नेसून गेले आणि दुसऱ्या दिवशी "रंग नाही आवडला" म्हणून साळसूदपणे परत केली. घडी इतकी झकास घातली होती की साडीवाल्यालाही पत्ता लागला नाही. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, पण लबाडीत मी तयार होते.

दुकानदार हसून म्हणाला, "बा, आ लेपटॉप छे, साडी नथी. जांगड केवी रीते आपुं?"

"खेळल्याशिवाय मी घेणार नाही," मी त्याला त्याच्याच गुजरातीत सांगितलं आणि खुर्ची ओढून बसले. उठायचं नाव घेईना, तेव्हा त्याने हात जोडले. "तो रविवारे तमे ज अहीं आवो. बेसो, रमो, पछी कहो." म्हणजे रविवारी मीच दुकानात येऊन खेळून बघायचं. त्याने माझ्यादेखत खेळ त्यात उतरवूनही ठेवला.

रविवारी जेवण उरकून गेले. आधी स्मरणिकेची दोन पानं टाइप केली. बटणं खोल आहेत, बोट घसरत नाही. एकीकडे कीर्तन, एकीकडे टायपिंग, वर दहा-बारा पानं उघडलेली, तरी कुरकुर नाही. मग दाराशी उजेडात नेला. दुकानदार म्हणाला, "बा, कलर जुओ छो?" म्हटलं, "नाही, पडदा दिसतो का ते बघते." दिसतो, पण रंग फिके, कुंकू विटकरी वाटतं. कॅमेऱ्यात माझं तोंड भिजवलेल्या कणकेसारखं आलं. वजन एवढं की झोपाळ्यावर बसून मांडीवर घ्यायची सोय नाही. चार्जर विटेएवढा. खेळताना पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरतो आणि वरच्या बटणांपाशी तवा तापतो. चार्जर काढून पाहिला, तर ट्रक लगेच पेंगायला लागला. म्हणजे टायपिंग खुशाल बॅटरीवर करावं, खेळताना मात्र वायर लावूनच. हे सगळे दोष मी दुकानदाराला तोंडावर ऐकवले. ज्यासाठी आले होते ते अजून व्हायचं होतं.

चार वाजले. कानाला हेडफोन लावला.

"आजी? तू तर नुसती बघणार होतीस ना?"

"दुसऱ्या लॅपटॉपवरून आलेय. चौथा ट्रक रिकामा आहे का?"

पलीकडे कुणीतरी मोठ्ठा उसासा टाकला. मग नात म्हणाली, "बरं. एकदाच हं."

निघालो. पूल आला. मी श्वास रोखला, दुकानदारानेही माझ्या खुर्चीमागे रोखला असावा. चित्र थिजलं नाही. फळ्या सरसर मागे गेल्या आणि चौथा ट्रक पलीकडे! "आजी, पूल झाला!" नात ओरडली. त्या आनंदात मी पुढच्या वळणावर सरळ दरीत गेले.

दुसऱ्या फेरीत खडकावर आपटले. तिसऱ्या फेरीत मागून नातीच्याच ट्रकला अशी धडक दिली की ती दरीत आणि मी काठावर. ते दोघं पोट धरून हसत होते, ते हेडफोनमध्ये ऐकू येत होतं. एकदाच म्हणालेली पोर चौथ्या फेरीलाही निघाली. त्या फेरीतही मी दरी गाठली, पण चित्र मात्र शेवटपर्यंत कुठे अडकलं नाही.

दुकानदाराला खूण केली, बांधा. वर्गातले ते दोघं खेळातून बाहेर पडले, मीही हेडफोन काढणार होते, तेवढ्यात नात म्हणाली,

"आजी, लॅपटॉप एकदम मस्त आहे गं, कुठेच अडकला नाही. म्हणजे इतके दिवस तूच इतकी वाईट चालवत होतीस! पुढच्या रविवारी साडेतीनला ये, ते दोघं यायच्या आधी मी तुला वळणं शिकवते. आणि मला एक सांगायचंय तुला, ते पण तेव्हाच सांगते."