मायरॉकमास्तरांचा डावा पाय

मायरॉकमास्तरांना तोंडावर नाही म्हणणारं माणूस आल्गॉयच्या त्या जर्मन खोऱ्यात एकच निघालं, आणि तेही त्यांच्याच हाताखाली तयार झालेलं. क्रेसेंझ हासलाखर, गावाची झेंझी. मास्तरांच्या निसर्गोपचाराच्या घरात ती एकोणीस वर्षं पाण्याची नळी धरत होती. बाई फटकळ, पण हात असा की थंड पाणी रुग्णाच्या पायावर चादरीसारखं पसरायचं, एक थेंब उडायचा नाही. उजव्या करंगळीपासून सुरुवात, पोटरीवरून गुडघ्यापर्यंत, क्षणभर थांबून आतल्या बाजूने खाली. नंतर पाय पुसायचे नाहीत. हातानेच पाणी निपटायचं, लोकरी मोजे चढवायचे आणि रुग्णाला चालायला पिटाळायचं.

आदल्या वर्षी तिने सरकारी आरोग्य कचेरीची परीक्षा पास केली. ती पास केल्याशिवाय स्वतःच्या नावावर उपचार करता येत नाहीत. तिथल्या डॉक्टरने एकच धोशा लावला होता: कुठल्या रुग्णाला हात लावायचा नाही ते सांगा. “पोपटपंची करून आलीस,” मास्तर म्हणाले, पण मनातून खूश होते. सत्तरी ओलांडलेली, मूलबाळ नाही. येत्या रविवारी चर्च सुटल्यावर सगळ्यांसमोर दारावर झेंझीच्या नावाची पाटी लावायची आणि घर तिच्या हवाली करायचं, असं त्यांनी जाहीरच करून टाकलं होतं.

बुधवारी सकाळी मास्तर लंगडत आले. कुठल्याशा संमेलनाहून दहा तास बसमध्ये बसून परतले होते. विजार गुडघ्यापर्यंत सारून बाकावर टेकले.

“शिरा कुरकुरताहेत. सोड पाणी. चांगलं गार.”

झेंझीने सवयीने आधी दोन्ही पोटऱ्यांवर तळहात ठेवले. उजवी गार होती. डावी गरम, तट्ट ताणलेली, लालसर. टेपने मोजली तर उजवीपेक्षा दोन बोटं जास्त भरली. पाऊल जरा वर दाबलं तशी मास्तरांच्या तोंडून शिवी बाहेर पडली.

“ह्या शिरा नाहीत, मास्तर. आत रक्ताची गाठ असणार. सुटून फुप्फुसात गेली की संपलं. पाणी नाही. इस्पितळ.”

“इस्पितळ?” मास्तर हसलेच. “अगं, इस्पितळाने टाकून दिलेली माणसं ह्याच बाकावरून चालत घरी गेलीत!”

“गेलीत. त्यांचे पाय असे नव्हते.”

“मला शिकवतेस? माझ्याच घरात?”

“तुमच्याच घरात शिकले, म्हणून सांगते.”

मास्तरांचा चेहरा पोटरीपेक्षा लाल झाला. “नळी उचल, झेंझे. नाहीतर रविवारी पाटीबिटी काही लागणार नाही.”

एकोणीस वर्षं डोळ्यांपुढून गेली, असं ती पुढे कधी म्हणाली नाही. राग आला, एवढंच म्हणायची. म्हातारा स्वतःचा जीव पणाला लावून आपल्यालाच ओलीस धरतो, ह्याचा राग. मास्तर स्वतःच नळीकडे सरकले, तशी तिने नळी तोटीवरून ओढून काढली, दाराबाहेर भिरकावली आणि फोन उचलला.

रुग्णवाहिकेत चढवताना मास्तर अख्ख्या आळीला ऐकू जाईल असे ओरडत होते. इस्पितळात गाठच निघाली. तीन आठवड्यांनी ते घरी आले आणि आधी कुलूप बदललं. ही डॉक्टरांची चाकर आहे, हिच्याकडे कुणी जाऊ नये, असं दूधवाल्यापासून पाद्र्यापर्यंत सगळ्यांना सांगून झालं.

“माफी मागून टाक बाई,” बेकरीवाली राडलरबाई पाव गुंडाळता गुंडाळता म्हणाली. “म्हातारं माणूस आहे.”

“जिवंत आहे ना? मग कसली माफी? पाणी सोडून मारला असता, तर मागितली असती.”

त्या दिवशी घरी जाऊन ती गोठ्यात पोटभर रडली. मग डोळे पुसले आणि वडिलांच्या शेतघरातली रिकामी दुधाची खोली धुवायला घेतली. तिथे नळ होता, उतार होता, पाणी वर्षभर बर्फासारखं गार. दारावर स्वतःच पाटी ठोकली. पहिल्या महिन्यात तिघं आली. प्रत्येकाला तिने तासभर समोर बसवलं: झोप कशी, पोट साफ होतं का, पाय गार पडतात का, घरात कोण छळतं, आधी कुणाचं औषध घेतलं. सगळं कागदावर. पाण्याला हात त्यानंतर.

ऑक्टोबरात एका सकाळी दारात काठी वाजली. मास्तर आत येऊन बसले. का आलात, हे झेंझीने विचारलं नाही. तिने कोरा कागद घेतला.

“तक्रार?”

“पाय जड वाटतो. संध्याकाळी सुजतो.”

झोप, पोट, जेवण, सगळं झालं. लोकांना तीस-चाळीस वर्षं हेच विचारणारा माणूस मान खाली घालून उत्तरं देत होता.

“आधीचा उपचार?”

“इस्पितळ. रक्त पातळ करायच्या गोळ्या. अजून चालू आहेत.”

“तिथे कुणी पाठवलं?”

मास्तरांनी वर पाहिलं. “तुला ठाऊक आहे.”

“मला आहे. कागदाला नाही.”

दार उघडंच होतं. म्हातारा उठून जाऊ शकला असता, आणि क्षणभर काठीवरचा हात घट्ट झालाही. झेंझी पेन धरून बसून राहिली. वर्षभर बसायची तिची तयारी होती.

“क्रेसेंझ हासलाखर,” मास्तर म्हणाले. मग घसा खाकरून, “मी शिव्या देत असताना.”

तिने तेही लिहिलं.

“आज पाणी सोडणार का?” त्यांनी विचारलं.

“आधी पाय बघू दे,” ती म्हणाली. “मोजे काढा. दोन्ही.”