आखाजीचे मांडे

सातपूरच्या कामगार वसाहतीत चंद्रभागाबाईंची ख्याती एकाच गोष्टीसाठी होती. बाई बेत करण्यात पटाईत. कुणाकडे बारसं असो की साखरपुडा, डाळ किती भिजवायची, जिलबी आधी वाढायची की मसालेभात, हे विचारायला बायका हिच्याच दारात. आणि कुणी नाही विचारलं तर बाई आपण होऊन जाऊन सांगायची. नवरा गोरक्ष कारखान्यात फिटर होता. तो म्हणायचा, "आमच्या हिला उद्या दिल्लीला नेऊन बसवलं, तर ही आधी अख्ख्या देशाच्या पंगतीचा बेत ठरवील."

पण ब्याऐंशी सालच्या आखाजीचा बेत करताना बाईची झोप उडाली होती. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. नामपूरकडच्या माणसाला दिवाळीपेक्षा आखाजी मोठी. घरातल्या गेलेल्यांच्या नावानं पाण्याची नवी घागर भरायची, एखाद्या माणसाला पितर म्हणून पाटावर बसवून जेवू घालायचं, आणि मग घरादारानं आमरस-मांड्यांवर आडवा हात मारायचा. मांडा तसा पुरणपोळीचाच भाऊ, पण त्याला पोळपाट-लाटणं चालत नाही. सैल कणकेत पुरण भरून तो गोळा दोन्ही हातांवर झेलत झेलत मनगटापासून कोपरापर्यंत वाढवायचा, आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर अलगद सोडायचा. जमला तर रुमाल, नाही जमला तर गोधडी.

आता बाईची खरी अडचण मांड्याची नव्हतीच. अडचण होती कुसाबाईची.

कुसाबाई म्हणजे धाकटी जाऊ. दीर गेणू आणि ती नामपूरजवळच्या गावी शेती सांभाळत, आणि तिकडच्या बोलीत 'आहे'ला 'शे' आणि 'आहेत'ला 'शेत' म्हणत. सासूबाईंना, म्हणजे जिजींना, शेवटच्या आजारपणात कुसाबाईनंच पाहिलं. उचलून बसवणं, घास भरवणं, सगळं. आणि जिजी गेल्या त्या दिवशी चंद्रभागा नाशकाहून एस.टी.नं पोचली, जिजींचे वाळून गेलेले हात पाहिले, आणि चार बायकांत बोलून गेली, "यांना कुणी वेळेवर जेवायला घातलं असतं तर एवढ्या नसत्या खंगल्या."

झालं! बाण सुटला तो सुटला. कुसाबाई रडली नाही, भांडली नाही. फक्त म्हणाली, "आक्का, आजपासून तुमच्या हातचा घास माझ्या तोंडात जायचा नाय." आणि कुसाबाईचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. तीन वर्षं झाली. पुतणीच्या, म्हणजे चंद्रभागेच्या लेकीच्या, लग्नाला आली ती फडक्यात स्वतःची भाकरी बांधून. मांडवात तीनशे माणूस जेवत होतं आणि ही बया कोपऱ्यात बसून भाकरी आणि ठेचा खात होती. चंद्रभागेला त्या दिवशी मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण चुकलो हे तिला कधीच कळलं होतं. पण थोरल्या जावेनं धाकटीची माफी मागायची कशी, हे काही तिला कळत नव्हतं. जीभ घसरते पटकन, सरळ व्हायला मात्र वर्षं लागतात.

म्हणून बाईनं यंदा असा बेत रचला की गोरक्षनं ऐकून तोंडात बोट घातलं.

"हे बघा," ती म्हणाली, "आखाजीला सगळ्यांना इकडंच बोलवायचं. घागर थोरल्या भावाकडं भरायची, त्यात कुणाला बोलायला जागा नाही. आणि कुसाला निरोप धाडायचा, की आक्काला मांडे येत नाहीत, तू आली नाहीस तर जिजींच्या पानावर मांड्याविना नैवेद्य जाईल. जिजींसाठी ती येणारच. आली की मांडे तीच करणार. पुरणही तिच्याच हातानं शिजू दे, आंबे तिनंच पिळू देत. मग जेवली तर कुणाच्या हातचं जेवली? स्वतःच्याच! तिचा शब्दही राहिला आणि माझ्या घरात ती जेवलीही."

"वकील व्हायची तू," गोरक्ष म्हणाला.

मांडे येत नाहीत हे मात्र खोटं नव्हतं. लग्न होऊन वर्षभरात ती नाशकाला आली. सणाला गावी गेली की जिजी आणि कुसाबाई खापराशी बसत आणि हिला म्हणत, "तुझे हात शहरातले, तू आपली पुरण वाट." जन्मभर पुरणच वाटलं बिचारीनं. बघितलं मात्र सगळं.

नाशकाच्या कुंभारांकडं तसलं खापर मिळेना, म्हणून बाई चैत्रात नामपूरच्या बाजाराला जाऊन खापर घेऊन आली. एस.टी.त ते मांडीवर घेऊन बसली, तान्हं पोर घेतल्यासारखं. कंडक्टर म्हणाला, "मावशी, टपावर टाका." बाई म्हणाली, "आधी तुला टाकीन."

मग आला आखाजीचा दिवस. पाहुणे पहिल्या गाडीनं निघून दहा-साडेदहापर्यंत पोचायचे होते. चंद्रभागा झुंजुमुंजू व्हायच्या आत उठली, मागच्या अंगणात तीन दगड मांडून चूल पेटवली. नवं खापर आधी तापवून घ्यावं लागतं, नाहीतर ऐन वेळी तडकतं. तेवढंच करायचं होतं. तेवढंच! पण पुरणाची डाळ बाईनं रात्रीच शिजवून वाटून ठेवली होती. बेतात नव्हतं ते, पण हाताला सवय. कणीकही तिंबून ठेवलेली. खापर तापलं तसं तिच्या मनात आलं, एक टाकून बघावा. खापर कसं आहे ते तरी कळेल.

पहिला मांडा हातावरच फाटला. दुसरा अर्धा चुलीत गेला. तिसरा खापरावर पडला खरा, पण त्याला मांडा म्हणायला फार मोठं मन हवं. आणि चौथा... चौथ्याला काय झालं कोण जाणे, गोळा आपोआप हातांवरून वाहायला लागला. पातळ, गोल, मनगटावरून कोपरावर, कोपरावरून मनगटावर. खापरावर पडला आणि टम्म फुगला. चंद्रभागा एकटीच अंगणात "अगं बाई!" करून ओरडली. सत्तेचाळीस वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा तिच्या हातचा मांडा झाला होता. मग कसली कुसाबाई आणि कसला बेत! आणखी एक, आणखी एक करता करता ऊन अंगणात उतरलं तेव्हा टोपली शिगेला आली होती आणि पुरणाचं पातेलं बोटानं पुसून काढलं होतं.

तेवढ्यात पुढच्या दारी गेणूचा आवाज आला, "वहिनी! पोचलो बरं का!"

चंद्रभागेनं टोपलीकडं पाहिलं आणि तेव्हा कुठं तिला बेत आठवला.

कुसाबाई सरळ मागच्या दारी आली. हातात तेच फडकं, भाकरीचं. बहुतेक सावधपणा म्हणून आणलं असावं. तिनं चूल पाहिली, खापर पाहिलं, मग टोपली पाहिली. एक मांडा उचलून उन्हाकडं धरला, परत ठेवला.

"निरोप तर आला व्हता, आक्काला मांडे येत नाय म्हणून," ती म्हणाली.

"कुसा, अगं, मी फक्त खापर तापवायला..."

"चांगले शेत मांडे. माझं काय काम मग हितं?" तिनं पदरानं तोंड पुसलं आणि पडवीत जाऊन भिंतीला टेकून बसली. भाकरीचं फडकं मांडीवर.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. गोरक्ष मागच्या अंगणात येऊन दबक्या आवाजात म्हणाला, "काय केलंस हे? सगळा बेत तुझाच होता ना?" चंद्रभागा चुलीकडं वळली. टोपलीपाशी उभी राहिली. जन्मात पहिल्यांदा केलेले मांडे. अजून नवऱ्यानंही चाखले नव्हते. नैवेद्याआधी खायचे नाहीत म्हणून तिनं स्वतःही तुकडा मोडला नव्हता. डोळे भरून आले तिचे. मग तिनं टोपली कमरेवर घेतली आणि गल्लीत निघाली.

दोन या घरी, तीन त्या घरी. कोकणातले, वऱ्हाडातले, कुठकुठले लोक त्या वसाहतीत. कुणी असला पदार्थ पाहिला नव्हता. शेवटचे पाच शेजारच्या नवसाबाईला दिले. ही नवसाबाई घोटीची, भात खाणारी. "एवढे सगळे? आणि तुमच्या घरी सण ना?" तिनं विचारलं. "खा हो," एवढंच चंद्रभागा म्हणाली.

रिकामी टोपली घेऊन ती पडवीत आली आणि कुसाबाईसमोर उपडी केली. "घे. काही नाही आता. पुरणसुद्धा नाही. डाळ आहे, गूळ आहे, कणीक तिंबायची आहे. जिजींचं पान वाढायचंय. ऊठ."

कुसाबाई टोपलीकडं बघत राहिली. "येवढं अन्न वाटून टाकलं? डोकं फिरलं का तुमचं?"

"फिरलं. ऊठ."

कुसाबाई उठली. पदर खोचला. म्हणाली, "डाळ कुठं शे?"

मग काय विचारता! डाळ शिजायला तास, वाटायला तास. पितर म्हणून पाटावर बसायला गल्लीच्या टोकाचा म्हातारा सहादू यायचा होता, तो सकाळपासून उपाशी. चार वेळा डोकावून गेला. "बाई, पितर उपाशी मरायचे हो!" "एकदा मेलेतच ते," चंद्रभागा चुलीशी लाकडं सारत म्हणाली, "बसा जरा." कुसाबाईला हसू आलं. तिनं ते दाबलं, पण चंद्रभागेनं पाहिलं. तिला तेवढ्यानंही बरं वाटलं. दोघी एका चुलीशी होत्या. एक मांडे करत होती, दुसरी जाळ घालत होती. बोलणं कामापुरतंच, पण होत होतं.

घागर भरली, जिजींच्या नावानं पान वाढलं, सहादू पोटभर जेवून ढेकर देऊन गेला. पुरुष जेवले. गेणूनं रसाच्या तीन वाट्या रिचवल्या. ऊन कलल्यावर बायकांची पानं घेतली. कुसाबाईनं आपल्या हातानं केलेले दोन मांडे आपल्या हातानं वाढून घेतले. चंद्रभागेनं मनातल्या मनात हात जोडले. बेत पार पडला होता.

आणि त्याच वेळी कुंपणावरून नवसाबाईचं डोकं वर आलं.

"अहो चंद्रभागाबाई! काय हात आहे हो तुमचा! आमच्याकडं पोरांनी नुसत्या उड्या टाकल्या. एवढा मऊ पदार्थ मी जन्मात खाल्ला नाही. एक ठेवलाय झाकून, आमचे हे दुसऱ्या पाळीहून यायचेत, त्यांना!"

चंद्रभागेला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. कुसाबाईचा हात ताटावरच थांबला. मग ती उठली. पाण्यानं हात धुतले, ताटातले दोन मांडे उचलून दुसऱ्या थाळीत घेतले आणि बाहेर पडली.

"गेली," चंद्रभागा म्हणाली. "स्टँडवर गेली ती. अहो, जा ना कुणीतरी मागं!"

गेणू चपला शोधेपर्यंत कुसाबाई परत आली. थाळीत एकच मांडा होता. आपले दोन देऊन तिनं नवसाबाईकडून तो मागून आणला होता. ती चंद्रभागेच्या शेजारी पाटावर बसली, तो सकाळचा गार मांडा मोडला आणि कोरडाच तोंडात घातला. सगळे बघतच राहिले. ती सावकाश चावत होती.

"काठ जाड शे," ती म्हणाली. "पण मधून जिजीसारखाच शे."

गेणूला राहवलं नाही. बायकोची बाजू सांभाळायला म्हणाला, "तसा शब्द काय मोडला नाय तिनं. शेजारणीच्या घरचा खाल्ला."

"गप बसा तुम्ही," कुसाबाई म्हणाली. "शेजारणीला कुठं येतो मांडा? आक्काच्या हातचा शे. ठावं शे मला, म्हणून तर आणला."

चंद्रभागेला हुंदका आवरेना. इतकी वर्षं मनात साठलेलं एकदम बाहेर आलं. "कुसा, मी खोटं बोलले गं त्या दिवशी. जिजी जगल्या त्या तुझ्या घासावर. मला लाज वाटत होती, मी नव्हते म्हणून. ती लाज मी तुझ्यावर ढकलली."

कुसाबाईनं उरलेल्या मांड्याचे दोन तुकडे केले आणि एक तिच्या तोंडापाशी धरला.

"खा," ती म्हणाली. "सकाळधरनं तुम्ही कुठं खाल्लंय काही?"