दहाव्या दिवशीचा ताप

माझ्या बायकोले कोणी बिचारी म्हटलं का माझं डोकं फिरते, हे आधीच सांगून ठेवतो. "बिचारी शेवंता, काय हाल झाले तिचे" म्हणत येणाऱ्या दोन बायायले मी दारातूनच वाटे लावलं. बिचारी कावून? बावीस वर्षं वस्तीतल्या अंगणवाडीत सेविका होती ती. पोरायचं वजन घेता घेता दारुड्या बापायलेही तिनं सरळ केलं. बिचारी म्हणे!

मी लहानू. स्टील प्लांटात, प्लेट मिलच्या भट्टीवर चौतीस वर्षं झाली, रिटायर व्हाले दीड वर्ष उरलं. आम्ही मूळचे भंडाऱ्याकडले, पण आमची पायल इथंच प्लांटच्या क्वार्टरात लहानाची मोठी झाली. ती आता रायपूरले नोकरी करते.

मागच्या थंडीत शेवंताले छातीत गाठ लागली. ऑपरेशन झालं, मग डॉक्टरीणबाईनं सांगतलं, सहा केमो घ्यावे लागतीन, दर एकवीस दिवसांनी एक. शेवंतानं पिशवीतून वही काढली. म्हणे, "मॅडम, हे औषध अंगात जाऊन करते काय, ते मले समजून सांगा. मी जिंदगीभर बायायले लसी समजावल्या, मले समजन."

घरी आल्यावर तिनं मले समोर बसवलं, अंगणवाडीत बायायले बसवे तसंच. "पाहा जी, कॅन्सरच्या पेशी लय झपाट्यानं वाढतात. हे औषध रक्तातून अंगभर फिरते अन् जे जे झपाट्यानं वाढून राहिलं त्याले मारते. त्याले आपलं-परकं काही कळत नाही. केसायची मुळं झपाट्यानं वाढतात, म्हणून केस जातात. तोंडातली, आतड्यातली कातडी सारखी नवी होत राहते, म्हणून तोंड येते, जुलाब लागतात. अन् हाडाच्या आत रक्त बनते, तिथंही मार बसते. रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी आठव्या-दहाव्या दिवशी एकदम कमी होतात. मग चांगल्या पेशी पुन्हा भरून येतात, कॅन्सरच्यायले तेवढं जमत नाही. म्हणून मधात एकवीस दिवस."

"अन् त्या दिवसात ताप आला तं?"

"थर्मामीटर शंभर पॉइंट चारवर गेला का सरळ दवाखाना. घरची गोळी खाऊन दाबाचा नाही, उद्या पाहू म्हणाचं नाही. काहीतरी अंगात घुसलं अन् लढाले कोणी नाही, असा त्याचा मतलब."

पहिला डोस लाल रंगाचा होता. घरी आल्यावर तिची लघवी लाल झाली तं मीच घाबरलो. ती म्हणे, औषधाचा रंग आहे, उद्यापर्यंत जाईन. मग उलट्या सुरू झाल्या. फोडणीचा वास आला का तिच्या पोटात ढवळे, म्हणून मी महिनाभर बिनफोडणीचं वरण खाल्लं अन् एक शब्द बोललो नाही. तोंडात छाले आले. तरी थंड ताक घोट घोट घेऊन बाई दिवसभरात ठरलेलं खाणं पोटात घालेच. सतराव्या दिवशी कंगव्यात केसायचा गोळा आला. थोडा वेळ ती रडली. मग डोळे पुसले अन् मले म्हणे, "मशीन आणा, तुमच्याच हातानं काढून टाका."

पौर्णिमेले पांढरी साडी नेसून ती तशीच विहारात गेली. डोक्यावर पदर नाही, रुमाल नाही. वंदना झाली, तरी सगळ्या बायायच्या नजरा तिच्याच डोक्यावर. ही उभी राहिली अन् म्हणे, "पाहून झालं असन तं बसा, गाठ कशी तपासाची ते सांगते." पुढच्या हप्त्यात त्यातल्या दोघीजणी दवाखान्यात दाखवाले गेल्या. मले एवढा अभिमान वाटला का छाती भरून आली.

आता माझी गोष्ट, जी सांगाची लाज वाटते. भट्टीतल्या लोखंडाचा रंग पाहून किती गरम झालं ते मी डोळ्यानं सांगतो, मशीन मागून सांगते. घरीही तसंच. पायलले ताप आहे का नाही, ते माझा हात ठरवे. "बाबा का हाथ है, थर्मामीटर काहेको?" असं तीच म्हणे.

दुसऱ्या डोसचा दहावा दिवस होता. माझी दुपारची शिफ्ट. मी डबा भरून निघालो तं शेवंता म्हणाली, "अजी, मले थंडी वाजून राहिली." मी तिच्या कपाळाले हात लावला, मग गळ्याले लावला. "काही ताप नाही. पांघरून झोप." अन् निघून गेलो.

तिनं अर्धा तास माझ्यावर भरवसा ठेवला. मग उठून अंगणवाडीच्या जुन्या पिशवीतला थर्मामीटर काढला. एकशे एक पॉइंट सहा. माझा मोबाईल मिलमधल्या लॉकरात, लावून उपयोग नाही. तिनं फाइल घेतली, घराले कुलूप घातलं, ऑटो थांबवला अन् एकटी दवाखान्यात गेली. तिथं काउंटरवर म्हणाली, "केमोचा दहावा दिवस आहे, ताप आहे, मले लाइनीत बसवू नका." तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू झालं.

ऑफिसातल्या फोनवर निरोप आला तवा मी धावतच गेलो. पांढऱ्या पेशी पाचशेच्या खाली गेल्या होत्या. डॉक्टरीणबाई म्हणे, रात्रीपर्यंत थांबल्या असत्या तं हातात काही राहिलं नसतं. मी हातानं ताप पाहिला हे कळलं तशी तिनं माझे तळवे उलटेपालटे करून पाहिले. "काका, चौतीस वर्षं भट्टीवर? या कातडीले काय ताप समजन?"

पाच दिवसांनी ती घरी आली. मिलमध्ये सगळे विचारत होते, काय झालं, कसं झालं. मी म्हटलं, हात लावला, ताप ओळखला अन् उचलून नेली. कावून बोललो असा? अभिमान, दुसरं काय. आता माझ्याच थोबाडात मारावी वाटते.

तीन हप्त्यांनी माझ्या शिफ्टचा केवलराम घरी आला, नंदिनी नगरले राहते तो. त्याची बायको चंदा, तिचाही पहिला केमो झालेला. शेवंताच्या पुढंच तो म्हणाला, "वहिनी, दादानं तुमाले वाचवलं. मी थर्मामीटर घेणार होतो, पण दादाचं ऐकलं अन् म्हटलं आपलाही हात भट्टीचाच आहे. आज आठवा दिवस, रोज हात लावून पाहतो."

शेवंतानं त्याले चहा दिला. तो गेला तशी दार लावून आली.

"त्याले खरं कावून सांगतलं नाहीस?" मी विचारलं.

"माझ्या तोंडून ऐकलं तं तो म्हणन, बायको आहे, बोलते. तुमच्या तोंडून ऐकाले पाहिजे." अन् मग आवाज न वाढवता, "उद्या तिचा नववा दिवस आहे. ती पोरगी मेली तं मी तुमच्यासंग या घरात राहणार नाही."

सत्तेचाळीस वर्षांच्या चंदाले ती पोरगी म्हणते. मले रात्रीपर्यंत थांबवेना. मेडिकलमधून थर्मामीटर घेतला अन् तशीच गाडी काढून नंदिनी नगर गाठलं. केवलराम नुकताच घरी पोचला होता, पायातले जोडेही काढाचे होते. मले पाहून हसत म्हणे, "दादा? आत्ता तं भेटलो!"

मी बसलो नाही. उभ्यानंच सांगतलं. "केवलराम, मी खोटं बोललो. माझ्या हाताले ताप समजला नाही. मी नाही म्हणून ड्युटीवर निघून गेलो. शेवंतानं स्वतःच मोजला अन् स्वतःच गेली. माझं ऐकत बसली असती तं मेली असती."

चौतीस वर्षांत कोण्या ज्युनियरपुढं मी अशी मान खाली घातली नव्हती. चंदा खाटेवर बसली होती, चेहरा भीतीनं एवढासा झालेला. ती मलेच पाहत होती.

"वहिनी एकट्याच गेल्या का जी?" तिनं विचारलं. "अंगात ताप असताना? ऑटोनं?"

"हो," म्हटलं. "एकटीच गेली."

चंदानं माझ्या हातातून थर्मामीटर घेतला अन् काखेत धरला.

"मग मलेही जमन," ती म्हणाली.