खरबुजाच्या मळ्यात बूट

सणसरात "डाळिंब छाटणारे आबा" म्हटलं की कुणीही बुद्धविहाराशेजारचं आमचं घर दाखवतं. ज्ञानदेव हे माझ्या वडिलांचं नाव फारसं कुणाला माहीत नाही. काम संपलं की आबा बांधावर उभे राहतात आणि आपली पिशवी उलटी करून झटकतात. कात्री, डबा, पाण्याची बाटली, सगळं मालकासमोर. त्यांना हे कुणी सांगितलेलं नाही. मालक नसला तर रिकाम्या बागेसमोर झटकतात. लहानपणी मी सोबत असले की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

"कशाला करता असं?" मी चिडायचे.

"करुणा, काय बी हरवलं की नजर आदी आपल्या आळीवर येती. ती यायच्या आत आपुनच दावून मोकळं व्हायचं."

पुढं मी चिनी शिकले आणि बारामतीच्या एमआयडीसीत, चिनी यंत्रं मागवणाऱ्या एका कंपनीत दुभाषी झाले. गावाला त्याचाही संशय. "चिनीच का गं?" असं विचारताना भल्याभल्यांचा आवाज खाली जायचा.

एका रविवारी मी आबांना एक चिनी म्हण सांगितली. चारच अक्षरं, एकेक अक्षर म्हणजे एकेक शब्द : खरबूज, मळा, आलुबुखार, खाली. ती आली एका दीड-दोन हजार वर्षं जुन्या गाण्यातून. ते कुणी रचलं यावर जाणकारांचं एकमत नाही. भल्या माणसानं संशयाला जागा ठेवू नये, असं ते सांगतं. खरबुजाच्या मळ्यात वाकून पायताण घालू नये, आलुबुखाराच्या झाडाखाली हात वर करून टोपी सारखी करू नये. लांबून बघणाऱ्याला वाटतं, फळ तोडलं.

आबा मांडीवर थाप मारून हसले. "ह्यो मानूस हितलाच असनार!"

मला मात्र राग आला. सगळी ताकीद वाटसरूला. मळेवाल्यानं नीट बघावं, असं का नाही कुणी गाण्यात घातलं? त्याच रागात मी आबांच्या झिजलेल्या चपला फेकून दिल्या आणि लेसचे बूट आणले. डाळिंबाचे काटे चपलेतून आरपार जायचे.

कॅनॉलपलीकडची सोपानरावांची बाग आबा वर्षानुवर्षं छाटत आलेत. आमच्या घरची भाकरी त्याच बागेवर. यंदा सोपानरावांनी तिथं कॅमेरे बसवले, आणि तोडणीच्या तोंडावर एका ओळीतली डाळिंबं गायब झाली. आबांना बोलावणं आलं. मीही गेले.

सोपानरावांनी मोबाइल पुढं केला. त्यात आबा झाडाखाली वाकलेले, कॅमेऱ्याकडं पाठ, हात दिसत नव्हते.

"हितं काय चाललंय, आबा?"

"बुटाची लेस सुटली व्हती."

"जलमभर चपला घातल्या, आन आत्ताच लेस सुटली व्हय?"

आबांनी बुटांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. त्यांनी पिशवी जमिनीवर उलटी केली आणि झटकली. कात्री पडली, डबा पडला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि पाण्यामागून संताप.

"पुढचं दाखवा," मी म्हणाले.

"पुढं काय न्हाय."

मी मोबाइल घेतला आणि पुढं सरकवलं. त्याच दुपारी, त्याच ओळीत, सोपानरावांचे मेहुणे रवींद्र भरलेला क्रेट खांद्यावर घेऊन ताठ चालले होते. मग दुसरा. जाताना त्यांनी कॅमेऱ्याला हातसुद्धा केला.

"हे बघितलं नव्हतं?"

"बघितलं की," सोपानराव म्हणाले. "पर त्यो घरचा मानूस. असंल कायतरी काम."

मेहुण्यांना फोन लागला. डाळिंबं एका साहेबांना भेट द्यायला त्यांनीच नेली होती, सांगायचं राहून गेलं. सोपानराव ओशाळले. "गैरसमज झाला आबा, मनावर घिऊ नगा. उद्या या कामाला." त्यांनी डाळिंबांची पिशवी पुढं केली. आबांनी हात लावला नाही.

आबा पुन्हा तिथं पाऊल ठेवणार नाहीत, असं मला वाटलं होतं. पण दुसऱ्या दिवशी ते गेले. संध्याकाळी मी गाडी घेऊन आणायला गेले, तेव्हा काम आटोपलं होतं. आबा बरोबर त्याच झाडाखाली आले. स्वतःच्या हातानं लेस सोडली, कॅमेऱ्याकडं पाठ करून वाकले आणि सावकाश बांधली.

बांधावर सोपानराव सवयीनं थांबले होते. त्यांची नजर आबांच्या पिशवीवर.

आबांनी ती न झटकताच खांद्याला अडकवली. "येतो, सोपानराव," म्हणाले आणि माझ्या गाडीवर येऊन बसले.